घटी बसलेला गव्हर्नर

आभार मानायचे तर सुरुवात परमेश्वरापासून करावी, असं आम्ही शाळेत मुलांना शिकवतो. माझीही सुरुवात परमेश्वरापासूनच आहे. फक्त हा परमेश्वर वडीगोद्रीला हायवेच्या कडेला गॅरेज चालवतो, त्याच्या पॅन्टचा मूळ रंग कोणता हे गावात कोणालाच माहीत नाही, आणि त्याने तीन दिवस खपून माझ्या दारात एका ट्रकचा अख्खा गिअरबॉक्स उतरवला होता. ज्या भागासाठी तो उतरवला, तो भाग बाहेरूनच, तळहाताएवढं एक झाकण उघडून निघतो, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. तरीही मी परमेश्वराचा आभारी आहे, आणि ही गोष्ट संपेपर्यंत आणखी बऱ्याच जणांचा होणार आहे.

ट्रक माझा नव्हता. म्हणजे कागदावर माझा होता, पण घेतला होता माझ्या मेहुण्यासाठी. माऊली घनसावंगीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. तीन वर्षांपूर्वी अपघात झाला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून तो आणि त्याची आई द्वारकाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडेच असतात. जयपूरचा पाय बसवला, चालतो बरा. पण क्लच हे डाव्या पायाचं काम, आणि तो पाय क्लचवर आहे की क्लचच्या शेजारी, हे त्या पायाला स्वतःला कळत नाही. माऊलीने नंतर कुठल्याच गाडीचा विषय काढला नाही. कुठे जायचं झालं तर जीपमध्ये सगळ्यात मागे, रस्त्याकडे पाठ करून बसायचा. घरात मटार सोलायचा, मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायचा, आणि हायवेवरून ट्रक गेला की त्याचे हात तेवढ्यापुरते थांबायचे. हे दैवशालेला, म्हणजे माझ्या बायकोला, दिसायचं आणि मलाही दिसायचं, पण आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो.

मग एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात हा ट्रक निघाला. पंचेचाळीस वर्षांचा, अमेरिकन बनावटीचा पण ऑस्ट्रेलियासाठी बांधलेला, त्यामुळे स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. कुठल्याशा परदेशी कंपनीने कधीतरी कालव्याच्या कामाला आणला आणि जाताना सोडून दिला. मी तो बघायला माऊलीला घेऊन गेलो, कारण गाड्यांतलं मला काही कळत नाही. माऊली त्याच्या दारातून आत वाकला आणि तसाच राहिला. मग म्हणाला, "दाजी, ह्याला क्लचच न्हाई." हे तो तीन वेळा म्हणाला. ट्रकला आपोआप बदलणारे गिअर होते. खाली दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाची. त्या दिवशी मी जे केलं त्याला दैवशाला अजून वेडेपणा म्हणते, आणि तो केल्याबद्दल तिने मला एकदाही टोकलेलं नाही. (हाताने दाबायचा क्लच साध्या गाडीलाही बसवून मिळतो, ही माहिती आम्हाला नंतर एका हितचिंतकाने दिली. तेव्हा गिअरबॉक्स ओट्यावर होता आणि मांजर त्यावर बसलेलं होतं.)

परतूरच्या एका व्यापाऱ्याने शब्द दिला होता, की दसऱ्यापर्यंत गाडीचे आणि माऊलीच्या लायसनचे कागद तयार असतील तर दिवाळीपासून कापसाची फेरी माऊलीला, नाहीतर त्याच्या भाच्याला. म्हणून सगळी घाई होती. आणि ट्रकला तर एक चमत्कारिक खोड होती. त्याला वरच्या गिअरची फार हौस. आमच्या फाटकातून निघून काकासाहेबांच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर तो थेट शेवटच्या गिअरमध्ये जायचा. रिकामा असताना चालून जायचं. पण सरकीची वीस पोती टाकून कालव्याच्या पुलाच्या चढाला लावला, की अर्ध्यात धापा टाकत उभा राहायचा आणि मग सावकाश मागे यायला लागायचा.

काकासाहेब आमचे शेजारी. एसटीत एकतीस वर्षं चालक होते. चालक म्हणून निवृत्त झाले, सल्लागार म्हणून अजून व्हायचे आहेत. त्यांनी आधी डिझेलमध्ये पाणी असल्याचं सांगितलं. हा ट्रक पेट्रोलवर चालतो म्हटल्यावर मग तर नक्कीच पाणी असणार म्हणाले. समोरच्या किराणावाल्याने टायरमधली हवा कमी करायला सांगितलं, त्याच्या पाहुण्याने वाढवायला. एकाने दारासमोरच्या ट्रकचं तोंड फिरवून तो पूर्वेकडे उभा करायला लावला. मी सगळं केलं. विज्ञानाचा शिक्षक असूनही केलं, कारण माणसं आपल्या दारात येऊन आपल्या मेहुण्याच्या गाडीचा विचार करत होती, आणि त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

शेवटी दोष कुठे आहे ते ऑस्ट्रेलियातल्या एका आजोबांनी सांगितलं. त्यांनी इंटरनेटवर असल्या गिअरबॉक्सबद्दल पानंच्या पानं लिहून ठेवली होती. माणूस हयात आहे की नाही ठाऊक नाही, पण आभार त्यांचेही. दोष गव्हर्नरमध्ये होता. गव्हर्नर म्हटल्यावर राजभवन, शपथविधी वगैरे जे विनोद सुचतात ते सगळे गावात करून झालेले आहेत, काकासाहेबांनी तर दोनदा केले, तेव्हा ते सोडून देऊ. ट्रकचा गव्हर्नर म्हणजे मुठीएवढी एक वस्तू. गाडीच्या वेगाबरोबर ती गरगर फिरते. तिला बिजागरीवर दोन छोटी लोखंडी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, त्यांच्या जोरावर आतल्या तेलाचा दाब वाढतो, आणि दाब पुरेसा झाला की गिअरबॉक्स समजतो, आता वरचा गिअर टाकावा. वजनं जड असली तर हे लवकर होतं, हलकी असली तर उशिरा. आमच्या ट्रकात कोणीतरी भलतीच जड वजनं बसवून ठेवली होती. ती बाहेरच्या झाकणातूनच निघतात हेही आजोबांनीच लिहिलं होतं, तेव्हा परमेश्वराने ती काढून घेतली आणि उतरवलेला गिअरबॉक्स मुकाट्याने पुन्हा चढवला.

हे वाचलं आणि माझी छाती फुगली. सत्तावीस वर्षं मी नववीला वर्तुळाकार गती शिकवतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विषयाची कोणाला तरी खरोखर गरज पडली होती. त्यात ट्रकच्या सीटखाली पत्र्याचा एक डबा सापडला. आत ग्रीसमध्ये माखलेली अशीच वजनं, तीन जोड्या, सगळ्या एकमेकांत मिसळलेल्या. परमेश्वर डोकं खाजवत म्हणाला, की यातली कोणती आपली ते कसं ओळखायचं. मी म्हटलं, वजन करून. आणि ती टाकून घ्यायला अत्यंत गंभीरपणे हातातली पिशवी पुढे केली.

किराण्याच्या काट्यावर एवढा बारीक फरक कळत नाही, म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू हवा होता. आमच्या मुख्याध्यापिका वंदना मॅडम नियमाच्या पक्क्या. तराजू डेड स्टॉक रजिस्टरला आहे, तो शाळेबाहेर जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग वजनं शाळेत आणतो म्हटलं. तर बाहेरची वस्तू नोंदीशिवाय प्रयोगशाळेत येणार नाही. मी रीतसर अर्ज केला. अर्जात 'ट्रकचे सुटे भाग' लिहिल्यावर तो परत आला. शेवटी ट्रकातली एक जोडी आणि डब्यातल्या तीन, असे आठ तुकडे 'शैक्षणिक साहित्य, तात्पुरते' म्हणून आत आले आणि नववी अ च्या साक्षीने त्यांचं वजन झालं. सगळ्यात हलकी जोडी एकवीस पूर्णांक चार दशांश ग्रॅमची, मग सव्वीसची, एकोणतीसची, आणि ट्रकातली एकतीसची. मी सगळे आकडे फळ्यावर लिहिले. घरी येऊन जोड्या वर्तमानपत्रावर क्रमाने मांडल्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी ठेवली, आणि परमेश्वराला बोलवायला गेलो.

परत आलो तर वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं, चिठ्ठ्या केरात, आणि माझे आठही तुकडे देवाच्या समया, ताम्हण आणि घंटेबरोबर एका परातीत चकाकत पडलेले. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, देवाची भांडी चिंचेने घासायला काढली होती, आणि माझे काळेकुट्ट तुकडे बघून त्यांचा जीव कळवळला. मला काही बोलायचं होतं, पण सासूपुढे जावयाचा राग तोंडापर्यंत येऊन चहात विरघळतो. मी बसून तुकडे पुसायला लागलो, आणि तेव्हा दिसलं, की दोन तुकड्यांवर इंग्रजी के हे अक्षर ठोकलेलं आहे. परमेश्वराने गव्हर्नरचा मूळ ठोकळा उन्हात धरला. त्यावरही के. शाळेतला तराजू जे खात्रीने सांगू शकला नव्हता, ते मूठभर चिंचेने सांगितलं. ती जोडी हलकीच, एकवीस पूर्णांक चार वाली निघाली, त्यामुळे माझीही लाज राहिली.

आनंदाच्या भरात मी मामींना ते दोन तुकडे दाखवून एक छोटं व्याख्यान दिलं. म्हटलं, मामी, बाकी लोखंड काही नाही, माऊलीची सगळी गाडी या दोघांवर आहे. त्यांनी ते हातात घेऊन नीट पाहिले. दोन्ही सारखेच का, असं विचारलं. मी म्हटलं, बिलकुल सारखेच. त्या बरं म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी घट बसले, गाडीत वजनं बसवायला परमेश्वर आला, आणि के ठोकलेला एकच तुकडा सापडला.

पुढचे दोन दिवस मी आठवू इच्छित नाही, पण गावाच्या ते चांगलं लक्षात आहे. घर झाडलं, कणगीमागे पाहिलं, मांजरावर संशय घेऊन झाला. काकासाहेबांनी रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काढून सुतळीला बांधून दिलं, आणि लोखंड असेल तर चिकटेलच, म्हणून मी ते उकिरड्यातून ओढत फिरलो. नेमकी शाळा सुटली होती. नववी अ कुंपणापलीकडे उभी राहून अभ्यास करत होती. चुंबकाला दोन खिळे, एक बिल्ला आणि माझीच चार वर्षांपूर्वी हरवलेली कानकोरणी एवढं सापडलं. मामी ओट्यावर वाती वळत दोन दिवस हे बघत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय जावयाच्या कामात तोंड घालायची त्यांची पद्धत नाही. तिसऱ्या माळेला मात्र त्यांना राहवलं नाही.

"काय धुंडून राह्यले, जावईबापू?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तो तुकडा तर देवापाशी आहे. मी देवघरात धावलो. समईशेजारी काही नव्हतं, टाकांजवळ काही नव्हतं. मामींनी घटाकडे बोट दाखवलं. घटाखाली काळ्या मातीचा थर, त्यात पेरलेला गहू, आणि मातीतून नुकतेच पांढरे कोंब वर येत होते. गव्हर्नरचं वजन त्या मातीत होतं. ओल्या मातीत लोखंड गंजतं, गंजलं की वजन बदलतं, हे सातवीच्या पुस्तकात आहे.

मामींनी जे केलं त्यामागे त्यांचा पक्का हिशोब होता. मुलगा पुन्हा गाडीवर बसावा म्हणून त्या देवीला बोलल्या होत्या. गाडी ज्याच्यावर चालते ते देवीपाशी ठेवावं, हे त्यांना बरोबर वाटलं. पण दोन्ही ठेवले तर गाडीत काय घालणार, म्हणून एकच ठेवला. "तुम्हीच म्हन्ले ना, दोन्ही सारखेच हायत म्हून. मंग एक देवीचा, एक गाडीचा."

आता अडचण अशी, की घट एकदा बसले की दसऱ्याला उठेपर्यंत देव हलवत नाहीत. पूजाही जागच्या जागी करायची. आणि अंबडला आरटीओचा कॅम्प होता आठव्या माळेला. तो हुकला की पुढचा दिवाळीनंतर, आणि फेरी व्यापाऱ्याच्या भाच्याला. मी दैवशालेला बाजूला घेऊन श्रद्धा आणि लोखंड यांतला फरक समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही हात लावून तर बघा." मी माऊलीकडे गेलो. गाडी त्याची, फेरी त्याची, आई त्याची. त्याने म्हटलं असतं तर मामींनी स्वतःच्या हाताने माती उकरून दिली असती. माऊली वह्यांना कव्हरं घालत होता. मान वर न करता म्हणाला, "मायनं ठेवलंय दाजी. ऱ्हाऊ द्या. न्हाई झालं तर न्हाई." तो हे इतक्या सहज म्हणाला की मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी काकासाहेबांनी त्यांच्या आयुष्यातला बहुधा पहिला उपयोगी सल्ला दिला. एसटीत चालक रजेवर गेला की बदली चालक येतो, गाडी उभी राहत नाही. सव्वीस ग्रॅमची जोडी पडूनच आहे, तीच घासून हलकी का करू नये? मी कानस घेतली आणि दोन दिवस ओट्यावर बसून घासत सुटलो. थोडं घासायचं, शाळेत जायचं, नोंद करायची, वजन करायचं, परत यायचं. चौथ्या खेपेला वंदना मॅडमनी प्रयोगशाळेची किल्लीच माझ्या हातावर ठेवली. नोंद मात्र करा, म्हणाल्या. पाचव्या माळेला माझ्या दोन्ही वजनांनी एकवीस पूर्णांक चारचा आकडा गाठला आणि परमेश्वराने ती पाच मिनिटांत बसवली.

मग प्रश्न आला चालवून बघायचा. परमेश्वर बसला, मी शेजारी, काकासाहेब मागे पोत्यांवर. गाडी सुटली, वेग घेऊ लागली, आणि परमेश्वराने वीस वर्षांच्या सवयीने क्लच दाबला. क्लच नव्हताच. त्या जागी ब्रेकचं लांबरुंद पेडल होतं, आणि डाव्या पायाला ब्रेक हळू दाबायची सवय नसते. गाडी जागच्या जागी थांबली, आम्ही नाही थांबलो. माझं कपाळ काचेला लागलं, आणि काकासाहेब पोत्यावरून घसरून पोत्याखाली गेले. परमेश्वराला ट्रक चालवता येत नाही, असं जाहीर करून काकासाहेब स्वतः बसले. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही, हे ते सांगत होते तेवढ्यात वाक्य अर्धं राहिलं आणि माझ्या कपाळाला दुसरं टेंगूळ आलं. मग मी बसलो. मी तरी क्लचला फारसा सरावलेला नाही, असा माझा समज होता.

माऊली रस्त्याकडेच्या मोरीवर बसून हे बघत होता. माझ्या वेळेला तो हसला. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून. तीन वर्षांत मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून मी दरवाजा उघडून तसाच बसून राहिलो, खाली उतरायचं सुचलं नाही. तो काठी टेकत आला, आणि म्हणाला, "सरका दाजी."

दोन्ही पाय धड असलेल्या आम्हा तिघांना जे जमलं नाही, ते त्याला अडचण म्हणून आलंच नाही. डावा पाय त्याने बाजूला नीट ठेवून दिला आणि उजव्याने गाडी लोण्यासारखी हलवली. स्टिअरिंग त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मी समोर बघत बसलो, त्याला वाटू नये की मी हाताकडे बघतोय. दोष फक्त एवढाच, की गाडी आता पहिला गिअर सोडेना. इंजिन किंचाळायला लागलं, म्हशी बांधावर चढल्या, तरी पहिलाच. कालव्याचा पूल आला तेव्हा कुठे दुसरा पडला. जड वजनाने गिअर फार लवकर पडत होता, माझ्या वजनाने फार उशिरा. आणि तराजू तर म्हणत होता, वजन अगदी बरोबर.

माऊलीने गाडी परत आणली, गव्हर्नर काढून मागितला, आणि माझे घासलेले तुकडे तळहातावर घेऊन बराच वेळ बघितले. "वजन बराबर हाय दाजी. पर तुम्ही कानस कुठून लावली?"

मी कानस टोकाला लावली होती, कारण टोक धरायला सोपं होतं. तो म्हणाला, जीपमध्ये दहाच माणसं असली तरी सगळी मागच्या फळीवर बसली तर गाडी वेगळी चालते आणि पुढे बसली तर वेगळी. "वजन किती, त्येच्यापरीस कुठं हाय ते बघावं लागतं." बिजागरीपासून लांबचं लोखंड जास्त ओढतं, मी नेमकं तेच काढून टाकलं होतं. केंद्रापासूनचं अंतर. हे सूत्र मी सत्तावीस वर्षं दरवर्षी फळ्यावर लिहितो, आणि त्यातलं अंतर विसरणाऱ्या मुलाचे दोन गुण कापतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात सत्तावीस बॅचची माफी मागितली.

एकोणतीसची जोडी उरली होती. ती बिघडली असती तर ट्रक होता तसाच राहिला असता. या वेळी घासलं माऊलीने, बिजागरीच्या बाजूने, के ठोकलेला एक तुकडा समोर ठेवून त्याच्या आकाराबरहुकूम. आकडा मी सांगायचा, आणि गाडी काय म्हणते ते तो. दिवसातून पाच-सहा वेळा झाकण उघडायचं, थोडं घासायचं, पुलापर्यंत जायचं. परमेश्वर दर वेळी ट्रकखाली शिरायचा आणि पाठीला गावाचा रस्ता लावून बाहेर यायचा. गिऱ्हाइकं गॅरेजवर खोळंबली होती, त्यांना त्याने आमच्याच दारात चहा पाजला. सातव्या माळेला दुपारी सरकीची वीस पोती घेऊन ट्रक कालव्याच्या चढाला लागला, दुसऱ्या गिअरमध्ये राहिला, वर गेला, आणि पलीकडच्या उतारावर तिसरा पडला. माऊलीने काहीच केलं नाही, फक्त खिडकीबाहेर थुंकल्यासारखं केलं आणि डोळे पुसले. मी उघड रडलो, कारण माझ्या कपाळाला लागलेलं होतं आणि मला निमित्त होतं.

कॅम्पच्या साहेबांचे आभार वेगळे मानले पाहिजेत. फॉर्मवर या गाडीला चालेल असा रकाना नव्हता. क्लच हाताचा की पायाचा, एवढंच विचारलं होतं. ते दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि स्वतः चालवून बघतो म्हणाले. आम्ही तिघांनीही त्यांना सावध केलं. ते हसले. दहा पावलांवर गाडी थांबली आणि साहेबांची टोपी डॅशबोर्डवर गेली. त्यांनी टोपी घातली, उतरले, माऊलीला बसवलं, आणि अर्धा तास सगळ्या बाजूंनी गाडी फिरवून, चढावर थांबवून, मागे घेऊन बघितली. मग रकान्याबाहेरच्या मोकळ्या जागेत स्वच्छ अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि सही केली. माऊलीने कागद वाचला नाही, माझ्याकडे दिला. मी वाचून परत दिला. त्याने तो शर्टाच्या आत, बनियनच्या खिशात ठेवला.

मामींचा तुकडा दसऱ्याला निघाला. बोटभर वाढलेल्या गव्हाच्या मुळ्यांनी त्याला घट्ट धरलं होतं. गाडी कशामुळे चालली यावर आमच्या घरात दोन मतं आहेत, आणि मी माझं मत शाळेत मांडतो. पण ते पुढचं झालं. मला सांगायचंय ते त्या आठव्या माळेच्या संध्याकाळचं.

अंबडहून परत येत होतो. काकासाहेब आणि परमेश्वर बसने पुढे गेले होते. गाडीत मी आणि माऊली. गिअर आपापल्या वेळेला पडत होते आणि मी प्रत्येक वेळी मान हलवत होतो, जणू मीच टाकतोय. शेतांत कापूस फुटलेला होता. गाव तीन-चार किलोमीटर राहिलं असताना माऊलीने गाडी एका बाभळीखाली घेतली आणि उभी केली. मला वाटलं काहीतरी बिघडलं. त्याने इंजिन चालूच ठेवलं. मग म्हणाला, "दाजी, राग नका येऊ देऊ. तुम्ही हितं उतरता का? मला जरा एकट्याला चालवू द्या."

मला राग आला नाही, असं म्हणणं खोटं होईल. दोन टेंगळं, सोलून निघालेली बोटं, उकिरडा, नववी अ, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मग मी त्याच्याकडे बघितलं आणि उतरलो. दरवाजा नीट लागला का ते बाहेरून तपासलं. ट्रक निघाला. पहिला गिअर, थोड्या वेळाने दुसरा, मग पार वळणापाशी तिसरा, जिथे पडायला हवा अगदी तिथे. आवाज ऐकू येईनासा झाला तरी मी उभाच होतो. आयुष्यात मला कोणी इतक्या चांगल्या कारणासाठी गाडीतून उतरवलं नव्हतं.

मग चालायला लागलो. गावाजवळ आल्यावर मोटारसायकलवरून येणारा एक जण थांबला. माझे बूट, माझं कपाळ, धुळीने माखलेली पॅन्ट बघून त्याच्या आवाजात खरोखरची कळकळ आली. "काय झालं सर, बंद पडली का गाडी?"

"न्हाई," मी म्हणालो, "चालू झाली."